शब्दचर्चा: ग्राफिटीला ‘भित्तिचित्र’ म्हणावं का?

रंगवलेल्या भिंती बघत परवा अख्खी दुपार भटकलो. एका दुमजली भिंतीवर खंड्या काढलाय, एवढा मोठा की त्याचा डोळाच माझ्या डोक्याएवढा. त्याच्या नखाला लागून कुणीतरी काळ्या रंगाच्या एका फराट्यात आपलं नाव लिहिलंय, आणि शेवटच्या अक्षराचा ओघळ पार पदपथापर्यंत आलाय. घरी येऊन टिपण लिहायला बसलो आणि इथेच अडलो. खंड्या भित्तिचित्र, हे ठीक. पण ते नाव? तेही भित्तिचित्रच?

दुसरी अडचण ‘अर्बन गॅलरी’ची, म्हणजे अशा रंगवलेल्या भिंतींच्या परिसराला काय म्हणायचं याची. एके ठिकाणी ‘नागरी दालन’ असं वाचलं. मला तर त्यातून दाखले मिळायची खिडकीच डोळ्यांपुढे आली. ‘स्ट्रीट आर्ट’ला ‘पथकला’ म्हटलं की पथनाट्य आठवतं. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद:

त्या नावाला भित्तिचित्र म्हणू नका, अशी माझी कळकळीची विनंती. ते लेखन आहे, हवं तर ‘भित्तिलेखन’ म्हणा. ‘ग्राफिटी’ हा मूळ इटालियन शब्द, ‘ओरखडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. एकवचन ‘ग्राफितो’. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर लोकांनी टोकदार वस्तूंनी कोरलेली नावं, शेरे, प्रेमाच्या ओळी सापडल्या, त्यांनाही हाच शब्द लावतात. आता आपला ‘लिहिणे’ बघा. संस्कृत ‘लिख्’ या धातूचा जुना अर्थही ओरखडणे, कोरणे असाच आहे. म्हणजे ‘ग्राफिटी’ आणि ‘लेखन’ या शब्दांच्या मुळाशी एकच क्रिया आहे!

करणारेही स्वतःला चित्रकार म्हणवत नाहीत, ‘रायटर’ म्हणवतात. न्यूयॉर्कमधल्या एका पोऱ्यानं निरोप्याचं काम करता करता शहरभर ‘टाकी १८३’ असं लिहून ठेवलं. टाकी हे त्याचं लाडाचं नाव, १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. १९७१मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याच्यावर बातमी केली आणि त्याचं बघून पुष्कळ पोरांनी मार्कर हातात घेतले. यात चित्र कुठेच नाही. नाव, आणि ते किती ठिकाणी दिसतं, एवढंच.

भित्तिचित्राची गोष्ट वेगळी. भिंतीला अस्तर, मग परांची, मग चौकटी आखून मोठं केलेलं रेखाटन. सगळ्या भित्तिचित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणायचीही घाई नको. फ्रेस्को म्हणजे ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेलं. रंग गिलाव्याबरोबर वाळून त्यातच बसतो. अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची आहेत, म्हणून ती भित्तिचित्रं, पण फ्रेस्को नव्हेत.

‘दालन’ मात्र मला आवडतो. हा फारसीतून आलेला शब्द, आणि त्यात ओसरी, येण्याजाण्याची वाट हाही अर्थ आहे. युरोपातल्या जुन्या गॅलऱ्याही मुळात लांबच लांब मार्गिकाच होत्या. फ्लॉरेन्सची उफिझी त्यातलीच, आणि ती इमारत तर कचेऱ्यांसाठी बांधलेली. म्हणून ‘रस्त्यावरचं दालन’ किंवा ‘उघडं दालन’ म्हणा. ‘नागरी’ काढून टाका, कारण मराठीत नागरी म्हटलं की सुविधा आणि तक्रारीच आठवतात. बर्लिनच्या ईस्ट साइड गॅलरीला ‘उघडं दालन’ किती शोभतं बघा: शहर दुभंगणाऱ्या भिंतीचा १,३१६ मीटरचा तुकडा, १९९०मध्ये चित्रकारांनी रंगवलेला. (‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’वरून, म्हणजे फोडणे, दुभागणे. त्या भिंतीला याहून नेमका शब्द कुठला मिळणार?)

आणखी एक प्रतिसाद:

वरचं पटलं, पण ‘भित्तिलेखन’ म्हटलं की मराठी माणसाला प्रचाराच्या घोषणा दिसतात. एका नावासाठी तो शब्द जड आहे. भिंतीवर असं झटक्यात लिहिलेल्या नावाला ‘टॅग’ म्हणतात, आणि त्याला आपल्याकडे आयता शब्द आहे की, सही! आणि क्रियापदही तयार आहे: ‘सही ठोकली.’ त्यातला झटका आणि थोडा आगाऊपणा दोन्ही त्या फराट्यात असतो.

तसंच ‘बफ करणे’. भिंतीवरचं पुसायला वरून सपाट रंग देतात, त्याला हा शब्द वापरतात. रंगारी ‘हात मारणे’ म्हणतात, तेच चालेल. न्यूयॉर्कच्या, ग्राफिटीनं भरलेल्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवर २०१३मध्ये मालकानं एका रात्रीत पांढरा हात मारला. चित्रकार कोर्टात गेले आणि २०१८मध्ये २१ जणांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाई मंजूर झाली. फवाऱ्यानं केलेली कामं होती, पण न्यायालयानं ती कलाकृती मानली. म्हणून ‘भिंती खराब करणे’ हा आपला सरसकट वाक्प्रचार मला टोचतो. कुठली भिंत, कुणाची परवानगी, काय काढलंय, हे न बघता तो लावला जातो.

मूळ प्रश्नकर्ता:

‘सही ठोकली’ एकदम बसलं. फक्त एक पेच राहतो. चित्राखाली सही म्हटलं की ती चित्रकाराचीच वाटते. म्हणून टिपणात ‘खंड्याच्या नखाशी तिसऱ्याच कुणीतरी सही ठोकली होती’ असं लिहिलं. आज पुन्हा जाऊन आलो. सहीवर निळा हात मारलाय, पण निळा मूळ निळ्याशी जुळलेला नाही, त्यामुळे नखाशी एक चौकोन उठून दिसतो. ओघळाचं टोक पदपथावर तसंच आहे. या चौकोनाला काय म्हणतात? ‘ठिगळ’ सुचतंय, पण रंगाऱ्यांचा स्वतःचा शब्द कुणाला माहीत असेल तर सांगा.