चिपच्या स्पर्धेत पैसा कुठे लावावा: कारखाना असलेल्या कंपनीत की नसलेल्या?

गिरगावकर:
ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकन सरकारने स्वतःच्या कारखान्यांत चिपा बनवणाऱ्या इंटेलमध्ये सुमारे 10 टक्के हिस्सा घेतल्यापासून माझ्या ओळखीतले काही गुंतवणूकदार ती कंपनी सुरक्षित मानू लागले आहेत. मला ते पटत नाही. चिपच्या धंद्यात कारखाना हे भागधारकाच्या गळ्यातले लोढणे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत बारीक रेषा कोरणारी यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनवते, त्यातल्या एकेका यंत्राला 15 कोटी डॉलरहून अधिक मोजावे लागतात, आणि काही वर्षांतच पुढच्या पिढीसाठी पुन्हा तिजोरी उघडावी लागते. इंटेलची 10 नॅनोमीटरची, म्हणजे आणखी बारीक रेषांच्या चिपांची, पिढी काही वर्षे रखडली. 2024 मध्ये तर लाभांशही थांबवावा लागला. याउलट तिची प्रतिस्पर्धी एएमडी हिने 2009 मध्ये आपले कारखाने वेगळे काढले आणि पुढे ती सावरली. 2017 मध्ये लॅमिंग्टन रोडवर मी पहिला रायझन, म्हणजे एएमडीचा नवा प्रोसेसर, घेतला, तेव्हा दुकानदाराने खोका उघडून चिप उलटी धरली आणि खालच्या सोनेरी पिना उजेडात तिरक्या नजरेने तपासल्या, कारण एक जरी वाकली असती तरी ती बोर्डात बसली नसती. इतकी वर्षे फक्त इंटेल मागणारी गिऱ्हाइके आता हाच खोका मागतात, असे तो म्हणाला. माझ्या दृष्टीने तो बाजारातला बदल होता, आणि ताळेबंदात तो बराच नंतर दिसला.

लालबागकर:
आपण जो रायझन घेतलात, तो एएमडीने वेगळ्या काढलेल्या त्याच कारखान्यांच्या कंपनीने, म्हणजे ग्लोबलफाउंड्रीजने, बनवलेला होता. कारखाने सोडल्यावरही एएमडी करारामुळे त्यांना बांधलेली होती आणि ठरल्यापेक्षा कमी वेफर (ज्यांवर चिपा कोरतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) घेतल्याबद्दल तिला भरपाईही मोजावी लागली. 2018 मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने 7 नॅनोमीटरचा नाद सोडला आणि एएमडी इतरांसाठी चिपा बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीकडे वळली, तेव्हा कुठे ती मोकळी झाली. शिवाय 2014 पासून एएमडीच्या प्रमुख लिसा सू यांनी नव्या रचनेवर धरलेला जोर या हिशेबात मोजायचाच नाही का?

माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपाच्या काळात भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतलेल्या कापडावर गिरण्यांचे छाप लागत असत, आणि माग नसला तरी धंदा चालतो असे मालकांना तेव्हा वाटले असेल. पण ज्याच्या हाती माग असतो, त्याच्याकडेच शेवटी दर ठरवण्याची ताकद जाते. आज तो माग टीएसएमसीकडे आहे आणि त्याचा मोठा भाग एका बेटावर आहे. तिथे सामुद्रधुनीत तणाव वाढला तर ॲपल, एनव्हिडिया आणि एएमडी या तिघींचा माल एकाच वेळी अडेल. हा धोका आपण कुठल्या रकान्यात मांडता?

गिरगावकर:
कराराचा मुद्दा मान्य आहे. 2009 आणि 2017 मधले अंतर मी फार सहज ओलांडले. पण दर ठरवण्याची ताकद टीएसएमसीकडे आहे, हे तर माझ्याच बाजूचे म्हणणे झाले. तिथला खर्च अनेक गिऱ्हाइकांवर वाटला जातो, तर इंटेलला तो बराचसा आपल्याच चिपच्या विक्रीतून काढावा लागतो. बाहेरची गिऱ्हाइके मोठ्या प्रमाणात मिळेपर्यंत इंटेलचा प्रत्येक नवा कारखाना भागधारकाच्या खिशातूनच उभा राहणार आहे.

मुलुंडकर:
आपण दोघेही कारखान्यापाशी अडकला आहात. एनव्हिडियाची खरी तटबंदी कुडा आहे. तिच्या चिपांवर काम लिहिण्याची ही सॉफ्टवेअर प्रणाली तिने 2006 मध्ये आणली, आणि तिच्यावर लिहिलेले काम दुसऱ्या चिपवर हलवायचे तर अभियंत्यांचे महिनोन्महिने जातात. मात्र गूगल आणि ॲमेझॉन स्वतःच्या चिपा बनवू लागले आहेत. म्हणजे एनव्हिडियाची मोठी गिऱ्हाइकेच प्रतिस्पर्धी होत आहेत. आणि शेअरच्या किमतीचे काय? इंटेलने 2000 मध्ये गाठलेला भाव पुढच्या 20 वर्षांत तिला पुन्हा दिसला नाही, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत कंपनी उत्तम नफा कमावत होती.

लालबागकर:
हे मात्र मला नाकारता येत नाही. तरीही इंटेल बंद पडावी असे अमेरिकेला परवडणारे नाही, म्हणून माझ्याकडचे तिचे शेअर मी विकणार नाही. फक्त त्यात नवी भर घालण्याआधी टीएसएमसीच्या भांडवली खर्चाचे आकडे दर तिमाहीला शेजारी मांडून पाहीन.