एकाच पट्टीतून रंधा आणि सुरी : पातं थरथरतंय, सुरी वाकली

नवखा_रंधा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ओएचएनएस (तेलात बुडवून कडक होणारं हत्यारी) पोलादाची ४ मिमी जाड, ५० मिमी रुंद पट्टी आणून तिच्यातून सफाईच्या रंध्याचं पातं आणि स्वयंपाकघराची १८० मिमी धारेची सुरी, दोन्ही केलं. रंधा चार तुकडे चिकटवून केलेला : दोन गाल, मागचा ठोकळा, पुढचा ठोकळा. लाकूड बाभूळ, लांबी २३० मिमी, बैठक (पातं टेकतं तो उतार) ४५ अंश, पातं ४४ मिमी रुंद, तोंड (तळातली, धार बाहेर येते ती फट) पुढच्या टोकापासून ७८ मिमीवर.

अडचणी अशा : (१) सागावर रंधा मारला की आडव्या बारीक रेघा उठतात, पातं थरथरल्याचा आवाज येतो. (२) आठ-दहा हात मारले की छिलका तोंडात कोंबला जातो. (३) तेलात बुडवल्यावर सुरी मधोमध साधारण ३ मिमी वाकली. पातं सरळ राहिलं.

थरथरीसाठी ६ मिमी पातं करावं का? सुरी हातोडीने सरळ केली तर चालेल का?

करवतकाठी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, म्हणजे आज रात्री घात होणार नाही : सुरीला हातोडी लावू नका. बाकी भट्टीवाले सांगतीलच.

आता रंधा. ६ मिमी पात्याने काही होणार नाही. लोखंडी चार नंबरच्या रंध्यात जेमतेम २ मिमीचं पातं असतं आणि ते थरथरत नाही. थरथर होते ती पात्याला खालून आधार नसला की. धार लाकडात घुसताना पात्याचं टोक मागे ढकललं जातं, आधार नसेल तर ते वाकतं, मग लाकूड सुटलं की उसळतं, पुन्हा घुसतं. तुमच्या रेघा म्हणजे याचीच नोंद.

तपासणी सोपी. पात्याच्या बैठकीकडच्या बाजूला दिव्याची काजळी धरा किंवा मऊ पेन्सिल घासा. पातं बसवा, पाचर नेहमीइतकीच ठोका, मग सैल करून पातं सरळ वर काढा. बैठकीवर काळं कुठे उमटलं ते बघा. तोंडालगतच्या शेवटच्या ५–६ मिमीमध्ये संपूर्ण रुंदीभर आणि वर पाचरीच्या टोकाजवळ काळं हवं. मध्ये किंचित पोकळी असली तर उलट बरं. मध्येच उंचवटा असेल तर पातं त्यावर तराजूसारखं झुलतं.

तोंड कोंबण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच : पाचरीचं खालचं टोक बोथट आणि जाड, दोन गालांमधली, पाचर अडवणारी आडवी दांडी फार खाली, किंवा पुढच्या ठोकळ्याचा उतार पुरेसा पुढे झुकवलेला नाही. दांडीचा मध्य तळापासून ३० मिमीच्या आसपास हवा. दांडी आणि बैठक यांत १०–११ मिमी मोकळी जागा, त्यात ४ मिमी पातं आणि उरलेल्यात पाचर. पाचरीचा उतार ९–१० अंश. त्याहून जास्त केला तर दोन हात मारताच सैल होते, फार कमी केला तर काढताना पातं सोडतच नाही. तिचं टोक तोंडापासून किमान १५ मिमी वर संपलं पाहिजे आणि तिथे ते कागदासारखं पातळ करून गोलवा. छिलका त्यावर आपटून थांबता कामा नये, वर सरकला पाहिजे.

भट्टी_आणि_भाता

सुरीचं. पाणी दिलेलं (म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक केलेलं) आणि अजून नरमवलेलं (ओव्हनमध्ये हलकं तापवून ठिसूळपणा काढलेलं) नसलेलं पोलाद काचेसारखं असतं, हातोडीने तुकडेच होतील. नरमवलं असेल तरी थंड अवस्थेत ठोकून सरळ करण्यात फायदा नाही. करायचं ते असं : पहिलं नरमवणं झालं की सुरी एका जाड, सरळ लोखंडी पट्टीवर फुगवटा वर करून ठेवा, दोन्ही टोकांखाली एकेक नाणं सरकवा आणि मध्ये क्लॅम्पने दाबून उलट्या बाजूला थोडी जास्तच वाकवा. तशीच दुसऱ्या नरमवण्याला ओव्हनमध्ये ठेवा. दोन तासांनी बाहेर काढून थंड झाली की सोडा. एका खेपेत सगळं जात नाही, दोनदा लागतं. घाईने जास्त वाकवलं तर ओव्हनमध्येच टण्णकन आवाज येतो.

पातं सरळ आणि सुरी वाकडी का, हे पाहू. पात्याची फक्त पुढची ३५–४० मिमी तापवायची असते, उरलेलं थंड पोलाद त्याला धरून ठेवतं. शिवाय मागचं टोक मऊ राहिलं पाहिजे, कारण पातं पुढेमागे करायला त्यावर हातोडी पडते. सुरी मात्र पूर्ण तापते. ती भट्टीत एका बाजूवर आडवी पडली असेल, दोन बाजूंची घासाई सारखी नसेल, किंवा तेलात तिरकी गेली असेल, तर एक बाजू आधी आकसते आणि सुरी वाकते. टोक खाली, काठी विहिरीत सोडावी तशी सरळ उभी सोडा. हलवायची तर वर-खाली. डावी-उजवीकडे हलवली की वाकलीच.

भांडं : १०० मिमी व्यासाचा, ४०० मिमी उंच लोखंडी पाइप, बूड वेल्ड केलेलं. जस्ताचा मुलामा असलेला नको, तापला की धूर विषारी. त्यात अडीच लिटर शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल पुरतं. तेल ५०–६० अंशांना आधी तापवा. थंड तेल घट्ट असतं, वाफेचं कवच लवकर फुटत नाही आणि पोलाद हवं तितक्या वेगाने थंड होत नाही. गाडीचं जळकं तेल वापरू नका, त्या धुरात काय काय असतं ते न विचारलेलं बरं. झाकण हाताशी ठेवा. पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी नाही.

तापमान : साधं पोलाद सुमारे ७७० अंशांना लोहचुंबकाला चिकटायचं थांबतं. त्यानंतर रंग आणखी एक छटा उजळ, म्हणजे ८०० च्या आसपास. तिथे ४–५ मिनिटं धरा. ओएचएनएसमध्ये क्रोमियम आणि टंगस्टन असतं, त्याला थोडा वेळ लागतो. चुंबक सुटला की लगेच तेलात टाकणं ही घाई अर्धवट कडकपणा देते. उलट ८५० च्या वर नेलं तर कण मोठे होतात. उरलेल्या पट्टीचा एक तुकडा त्याच भट्टीत तापवून पाणी द्या, व्हाइसमध्ये धरून मोडा आणि भंग बघा. मैद्यासारखा राखाडी आणि निस्तेज असेल तर बरोबर. रव्यासारखे चमकणारे दाणे दिसले तर जास्त तापलंय.

पाणी दिल्यावर कानस फिरवून बघा, सरकली पाहिजे. वरचा पातळ थर कार्बन गमावतो, त्यामुळे दोन-तीन घासांनंतर पुन्हा बघा. मग तासाच्या आत नरमवणं. पात्याला २०० अंश, दोन तास, दोनदा. सुरीला २१०–२२०. घरगुती ओव्हनचा आकडा तंतोतंत मानू नका, आत २०–३० अंशांची चढ-उतार असते. ट्रेमध्ये कोरडी वाळू भरून त्यात पातं पुरा आणि वेगळा ओव्हन थर्मामीटर शेजारी ठेवा. दोन्ही तुकडे एकाच तापमानाला नरमवू नका. सुरी थोडी चिवट हवी, पातं थोडं कडक.

तळकोकण

बाभूळ ठीक, पण कच्चं आहे का ते बघा. फक्त लाल-तपकिरी गाभा घ्या, पांढऱ्या भागाला भुंगा लागतो. तुकडा स्वयंपाकघराच्या काट्यावर दर आठवड्याला तोला. तीन आठवडे वजन बदललं नाही म्हणजे तो तुमच्या हवेला रुळला. कोकणात मे महिन्यात केलेला रंधा जुलैत तळाशी वाकतो, त्याला उपाय नाही. पावसाळा संपल्यावर तळ पुन्हा सारखा करायचा. तळाला आणि गालांना जवसाचं तेल द्या, बैठकीला आणि पाचरीला अजिबात नको, घसरते.

लाकूड बसवताना सालीकडची बाजू खाली, तळाला. गाभ्याकडची वर.

शिसव वापरणार असाल तर चिकटवण्यापूर्वी अॅसिटोनने पुसून पाच-दहा मिनिटांतच डिंक लावा. तिचं तेल पुन्हा वर येतं आणि सांधा वर्षभराने उकलतो. आणि सागाबद्दल एक : सागात सिलिका असते, धार लवकर जाते. थरथर आणि बोथट धार यांच्या रेघा नवख्याला सारख्याच वाटतात. आधी पातं परजून घ्या, मग रंध्याला नावं ठेवा.

नवखा_रंधा

काजळी धरून पाहिली. तोंडापासून साधारण ३० मिमी वर एक आडवा पट्टा काळा झालाय. खालच्या १२ मिमीला काहीच नाही. तोंडाची फट ०.८ मिमी आहे. पातं नीट परजलेलं आहे, केस कापतं.

करवतकाठी

मग निदान झालं : उंचवटा. तो पट्टा काढायचा. चिकटवलेल्या रंध्यात पटाशी नीट पोचत नाही, पोचली तरी तोंडाची कड फोडते. कठीण लाकडाची ४२ मिमी रुंद, १५० मिमी लांब, अगदी सरळ पट्टी घ्या, तिच्या फक्त मधल्या ४० मिमी भागावर १२० नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि वरून आत घालून काळ्या जागेवरच घासा. दहा घास, पुन्हा काजळी, पुन्हा दहा. संपूर्ण पट्टीवर पेपर लावलात तर तोंडाजवळची कडसुद्धा गोल होईल आणि आहे त्याहून वाईट अवस्था.

तरी खाली टेकलं नाही, तर संपूर्ण बैठकीवर अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवा. याने दुसरंही काम होतं : पातं पुढे सरकतं, तुमची ०.८ ची फट आपोआप लहान होते. सफाईच्या रंध्याला ०.२–०.३ मिमी पुरे. झेरॉक्सचा साधा ८० ग्रॅमचा कागद सुमारे ०.१ मिमी असतो, दोन-तीन पदर आत सरकवून मोजा.

तळ सारखा करताना पातं आणि पाचर आत घट्ट ठोकून ठेवा, फक्त धार २–३ मिमी वर ओढलेली. पाचरीचा दाब रंध्याचं अंग वाकवतो, मोकळ्या रंध्याचा तळ सरळ करून उपयोग नाही. १० मिमी काचेवर सँडपेपर, आधी १२०, मग २२०. तीन जागा टेकल्याच पाहिजेत : पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी, मागचं टोक. त्यात मधली सगळ्यात महत्त्वाची, कारण छिलका तुटण्याआधी लाकूड तीच दाबून धरते. तळ घासला की तोंड थोडं उघडतं, म्हणून पुढच्या वेळी चिकटवताना फट अशी ठेवा की पातं जेमतेम अडेल.

पुढचा रंधा करताना बैठक ५० अंश करा. आपल्याकडच्या उलट-सुलट धाग्यांच्या लाकडाला ४५ चा रंधा धागे उपटतो. ३० अंशांच्या धारेला ५० ची बैठक म्हणजे पाठीमागे २० अंश मोकळे, भरपूर झाले. ही चार तुकड्यांची पद्धत गेल्या शतकात अमेरिकेत जेम्स क्रेनॉव्ह यांनी लोकप्रिय केली आणि तिचा खरा फायदा हाच, की चिकटवण्यापूर्वी बैठक उघडी असते. तेव्हाच काजळीने तपासायची. चिकटवल्यावर डोळे मिटून काम.

ओली_कानस

सुरीबद्दल कुणी मूळ मुद्दा काढला नाही. ४ मिमी पोलाद स्वयंपाकघराच्या सुरीला फार जाड. कांदा चिरताना पाचरीसारखी रुतेल, फाकवेल, कापणार नाही. १८० मिमी सुरीला पाठीवर २.५ मिमी पुरे, टोकाकडे १ मिमीपर्यंत उतरती. पाणी देण्यापूर्वी धारेच्या कडेला ०.७ मिमी जाडी सोडा. त्याहून पातळ असेल तर तेलात कड लाटेसारखी होते, तुमच्या सुरीला तेच व्हायचं राहिलं असेल. नरमवल्यावर कड ०.२–०.३ पर्यंत घासा आणि दर बाजूला १५–१७ अंशांची धार.

नरमवल्यानंतरच्या घासाईत हातमोजे नकोत. बोटाला चटका बसला की सुरी पाण्यात बुडवा, प्रत्येक घासाला. कडेवर निळा रंग आला म्हणजे तिथलं पोलाद ३०० च्या जवळ गेलं, मऊ झालं. तो भाग घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

मुठीची भोकं पाणी देण्यापूर्वीच पाडा. ५ मिमी पितळी सळईला ५.२ मिमी. विसरलात तर नंतर साधा ड्रिल नुसता फिरत राहतो. मुठीच्या दोन फळ्या शिसवाच्या, आतून खरबरीत केलेल्या, मध्ये इपॉक्सी. क्लॅम्प फार आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. मग भांडी घासताना आत पाणी शिरून गंज.

ओएचएनएस गंजतं, गिऱ्हाइकाला आधी सांगा. लिंबू, चिंच, कोकम यांनी काळपट होईल, ते चालतं. लाल गंज चालत नाही. आणि नारळ फोडायला ही सुरी नाही. ५९–६० रॉकवेलची (रॉकवेल म्हणजे कडकपणाचं माप) धार करवंटीवर फुटते. त्याला कोयता, आणि कोयत्याला ट्रकची पाटाची स्प्रिंग हेच पोलाद बरं : कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास, जास्त चिवट. फक्त जुन्या स्प्रिंगमध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात, म्हणून मधला, भोकाजवळचा भाग टाकून द्या.

जुन्या कानशीची पाती करायचा सल्ला बरेच जण देतील. त्यात साधारण १.२ टक्के कार्बन, आणि शेंगदाणा तेलात ती नीट कडक होत नाही, पाण्यात घातली तर तडकते. काही स्वस्त कानशी तर फक्त वरून कडक, आत मऊ लोखंड. नव्याने करणाऱ्याने ओएचएनएसवरच राहावं. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवीला हत्यारं आणि सँडपेपर मिळेल, पोलाद मात्र टूल स्टीलच्या व्यापाऱ्याकडूनच आणि ग्रेडचा शिक्का बघून. एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं पोलाद) घेऊन येऊ नका, ते हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. ते हवंच असेल तर पातं घासून एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या आणि आकडा लिहून द्या : ६० रॉकवेल. नुसतं 'कडक करा' म्हटलं की ते त्यांच्या डायला (साच्याला) लागतं तेवढं कडक करून देतात.

भट्टी_आणि_भाता

ओली_कानस, सुरीची जाडी बरोबर. ती वाकलेली ४ मिमी सुरी सरळ करण्यापेक्षा तिला ७८० अंशांच्या आसपास लाल करून राखेत रात्रभर गाडा, मऊ होईल. मग २.५ वर घासून पुन्हा पाणी द्या. नाणी लावून सरळ करण्यात जाईल तेवढाच वेळ, आणि हाती कापणारी सुरी येईल.