मदत हवी आहे: समला पाऊस, कॅम्परव्हॅनचं छत गळतंय

सोलापूरहून मिनीबसची करून घेतलेली कॅम्परव्हॅन घेऊन राजस्थानात आलोय. आत्ता जैसलमेरच्या पुढे, समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ डांबरी रस्त्यालगत कडक जमिनीवर उभे आहोत. पहाटेपासून पाऊस लागलाय. ऐन थंडीत इथे पश्चिमी झंझावाताने अवकाळी येतो, पण एवढा सलग पडेल असं वाटलं नव्हतं.

छतावरच्या एक्झॉस्ट पंख्याच्या चौकटीच्या मागच्या कोपऱ्यातून पाणी झिरपतंय. प्लायवर थेंब धरतो आणि वायरच्या कडेने ओघळत थेट गादीवर. पंख्याचा फ्यूज काढून ठेवलाय. खाली पातेलं आणि सोलापुरी टॉवेल. पिळून पिळून आईचे हात दुखायला लागलेत. ब्यूटाइल टेप (फटी बुजवायची चिकट रबरी पट्टी) ओल्या पत्र्यावर धरत नाही, सिलिकॉनलाही कोरडी जागा लागते. ताडपत्री वाऱ्याने उडते, आणि सोलर पॅनेलमुळे नीट बांधताही येत नाही.

सोबत आई आणि लहान मुलगी आहे, त्यामुळे निसरड्या छतावर पुन्हा चढायचं नाही. गाडी पुढच्या बाजूला उतरती लावली तर गळती थांबेल का? आणि जैसलमेरच्या हार्डवेअरच्या दुकानात ओल्या पत्र्यावरही चिकटेल असं काय मागायचं?