लिफ्टलाच हार्ट पेशंट करणारी वाक्यं: डँगलिंग मॉडिफायर गिऱ्हाइकाला समजावायचा कसा?

टंकनवाली:
गिरगावात आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. लोक हाताने लिहिलेला इंग्रजी अर्ज आणतात, मी टाइप करून प्रिंट देते. सुधारून द्यायचे पैसे कुणी देत नाही, पण डोळ्याला खुपलं की हात थांबतो.

एका काकांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना द्यायचं पत्र आणलं. त्यात होतं, "बीइंग अ हार्ट पेशंट, द लिफ्ट शुड बी रिपेअर्ड इमीजिएटली." म्हटलं, काका, यात हार्ट पेशंट लिफ्ट झालीय. (भलत्यालाच जाऊन चिकटणाऱ्या अशा लोंबत्या तुकड्याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात.) काका म्हणाले, "लिफ्टला कुठलं आलंय हार्ट? सेक्रेटरीला तेवढं कळतं." आता यावर काय बोलणार? कळतंच की! मग त्यांनीच पेन घेऊन तो तुकडा उचलून शेवटी नेला: "द लिफ्ट शुड बी रिपेअर्ड इमीजिएटली, बीइंग अ हार्ट पेशंट." मला तेही पटेना, पण का ते सांगता येईना. शेवटी "ॲज आय ॲम अ हार्ट पेशंट" केलं आणि विषय मिटवला.

माझे प्रश्न असे. तुकडा शेवटी नेऊन का भागत नाही? मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्यांकडून हे इतकं का होतं? आणि "कन्सिडरिंग द हेवी रेन, द ऑफिस विल क्लोज ॲट थ्री" हेही चूकच धरायचं का? अशी नोटीस तर दर पावसाळ्यात टाइप करते.

खडू_फळा:
ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

"दादरला उतरताना छत्री तुटली." मराठीत या वाक्याला कुणी बोट लावणार नाही. उतरणारा मी, तुटणारी छत्री, आणि "मी" लिहिलेलाही नाही. हवा तर घालता येतो: "मी दादरला उतरताना छत्री तुटली." म्हणजे "-ताना"ला स्वतःचा वेगळा कर्ता चालतो, गाळला तरी चालतो. "-ल्यावर"चंही तसंच. "-ऊन" जरा कडक आहे, त्याला सहसा पुढच्या क्रियापदाचाच कर्ता लागतो: "मी जेवून झोपलो." तरी "पाऊस पडून रस्ते तुंबले" आपण बिनदिक्कत म्हणतो.

इंग्रजीत ही मोकळीक नाही. "-इंग"चा तुकडा कर्त्याशिवाय सुरुवातीला आला, की तो मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. "गेटिंग डाउन ॲट दादर, माय अम्ब्रेला ब्रोक" म्हटलं की छत्रीच गाडीतून उतरते. काकांचं इंग्रजी कच्चं आहे असं नव्हे, त्यांनी मराठीची सवलत तिकडे वापरली.

आता तुकडा शेवटी नेण्याचं. काकांच्या वाक्यात "आय" कुठेच नाही. जो वाक्यातच नाही, तो तुकडा हलवून कसा येणार? हलवून भागतं ते वेगळ्या चुकीत. "वी गेव्ह वडापाव टू द चिल्ड्रन रॅप्ड इन न्यूजपेपर" घ्या. यात पोरं कागदात गुंडाळली गेली, पण वडापाव वाक्यात हजर आहे. तुकडा त्याच्या शेजारी नेला की झालं. पेन उचलण्याआधी एवढंच बघायचं: ज्याच्याबद्दल बोलतोय तो वाक्यात आहे का?

नसेल तर त्याला कर्ता करा: "बीइंग अ हार्ट पेशंट, आय कॅनॉट क्लाइम्ब द स्टेअर्स." नाहीतर तुकड्यालाच कर्ता द्या, तुम्ही दिलात तसा. "द लिफ्ट बीइंग आउट ऑफ ऑर्डर, आय ॲम स्टक अपस्टेअर्स" हे मात्र शुद्ध आहे, कारण "बीइंग"च्या आधी त्याचा धनी बसलाय.

"कन्सिडरिंग"ला हात लावू नका. "कन्सिडरिंग", "रिगार्डिंग", "कन्सर्निंग" ही मंडळी वापरून वापरून शब्दयोगी अव्ययांच्या पंगतीत बसली आहेत. त्यांना कर्ता विचारायचा नसतो.

चहा_बिस्किट:
हॅम्लेटमधलं भूत म्हणतं, "स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी." म्हणजे झोपला होता साप! शेक्सपिअरला चालतं आणि गिरगावातल्या काकांना नाही? उगाच छळ.

खडू_फळा:
भुताला लिफ्ट दुरुस्त करून घ्यायची नव्हती.

काळा_कोट:
हसण्यावारी नेऊ नका. मी मोटार अपघाताचे क्लेम बघतो. लिफ्टचं वाक्य निरुपद्रवी आहे, कारण त्याचा चुकीचा अर्थ अशक्य आहे. घातक ती वाक्यं, ज्यांचे दोन्ही अर्थ शक्य असतात. नमुना म्हणून हे घ्या: "जंपिंग द सिग्नल, द बाइक वॉज हिट बाय अ टेम्पो." लिहिणाऱ्याला सांगायचंय की टेम्पोने सिग्नल तोडला. व्याकरण सांगतं की बाइकने तोडला. बाइकवाला अर्जदार असेल तर त्याने स्वतःच्या सहीने स्वतःची चूक लिहून दिली! अर्जदाराचाही निष्काळजीपणा ठरला, की भरपाईतून तेवढा वाटा कापला जातो. एका वाक्यावर निकाल लागत नाही हे खरं, पण समोरचा वकील ते वाचून दाखवणारच.

अशा ठिकाणी ताई, आपल्या मनाने दुरुस्ती करू नका. आधी विचारा, सिग्नल कुणी तोडला? मग सरळ दोन वाक्यं टाइप करा. "द टेम्पो जम्प्ड द सिग्नल. इट हिट माय बाइक." दिसायला शाळकरी, पण कुणाला फाटे फोडता येत नाहीत.

बाकी "हॅविंग हर्ड बोथ साइड्स, द ॲप्लिकेशन इज अलाउड" असलं वाक्य आमच्याकडे वाचून कुणाची मान वळत नाही. ऐकणारं कोर्ट, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

टंकनवाली:
सिग्नलचं वाक्य माझ्या हातून आलं असतं तर मी स्पेलिंग बघून प्रिंट दिली असती. कॉम्प्युटरही त्याच्याखाली रेघ मारत नाही, आत्ताच टाइप करून पाहिलं.

आणखी एक. समोर बायोडेटाचं पत्र पडलंय: "ॲज अ फ्रेशर, युवर कंपनी विल गिव्ह मी गुड एक्स्पोजर." यात "-इंग" नाही. तरी तेच का?

खडू_फळा:
तेच. कंपनी फ्रेशर झाली. "ॲज अ फ्रेशर, आय होप टू लर्न..." असं करा, आणि काय शिकायचंय ते त्या मुलाला विचारून पुढे लिहा. एक्स्पोजर सगळेच मागतात.