मदत हवी आहे : काचा पुसणाऱ्या भावासाठी हार्नेस कुठला घ्यावा?

राजेहो, आम्ही दारव्ह्याजवळच्या खेड्यातले. कापूस निघाला की धाकटा भाऊ पुण्याला जातो. यंदा उंच इमारतींच्या काचा पुसायचं काम धरलं. व्हिडिओ कॉलवर पाहिलं तर कमरेला नुसता पट्टा, अन् झुला अन् माणूस एकाच दोरावर! आपण विहिरीतही असं उतरत नाही. छाती-मांड्यांना धरणारा फुल बॉडी हार्नेस लागतो, त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का पाहायचा, अन् जीव वाचवणारा दोर झुल्यापासून वेगळ्या जागी बांधायचा, एवढं मला ठाऊक आहे. पण यवतमाळ-अमरावतीत खात्रीचा माल कुठं मिळेल? दोर कधी बाद समजायचा? ठेकेदार म्हणतो, "स्वतःचा आण." हा खर्च त्याचाच ना? कोणी हे काम केलंय का, भाऊ?