उत्तरकाशीतील धक्का आणि आपली किल्लारी

प्रश्न (औसा): यमुनोत्रीच्या वाटेवरील एका दुर्गम गावात मुक्कामी असताना भूकंपाचा धक्का बसला, जुने घर बराच वेळ करकरले, पण भिंतीतला एकही दगड निसटला नाही. मग ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीत घरेच्या घरे का बसली?

उत्तर (लातूर): दोन्ही धक्के सारखेच होते असे धरू नये. किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ रिश्टरचा, उथळ आणि पहाटे चारच्या सुमारास, म्हणजे माणसे झोपेत असताना झाला. आपल्याकडच्या जाड भिंती दगडमातीच्या, त्यांवर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, प्रचंड भार आणि दगडांना बांधून ठेवणारे काहीच नाही. तिकडच्या जुन्या घरांत मात्र दगडांच्या थरांमध्ये आडव्या तुळया घालून त्या कोपऱ्यांत एकमेकींत अडकवतात, त्यामुळे घर हलते, पण विस्कटत नाही.

उत्तर (उमरगा): मान्य, तरीही हिमालयाला सुरक्षित समजू नये. भारतीय भूपट्ट तेथे युरेशियाखाली सरकत असल्याने ताण साठतच राहतो, आणि १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपात शेकडो माणसे दगावली. शिवाय दरडी कोसळून रस्ते बंद होतात, ते वेगळेच.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या वाड्यावर अजून माळवद आहे. ते उतरवावे का?

उत्तर (लातूर): मातीचा भार अवश्य कमी करावा, पण आधी अभियंत्याला भिंती दाखवाव्यात.