बालीत माउंट बातुरचा सनराइज ट्रेक – आईला न्यावं का? गाईड कसा बघायचा?

सिडकोची_मीनल
नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या सुट्टीत बालीला जायचं ठरतंय, मी, नवरा, सहावीतला मुलगा आणि माझी आई, वय ६१. नवऱ्याच्या डोक्यात माउंट बातुरचा सनराइज ट्रेक पक्का बसलाय. रात्री दोनला हॉटेलवरून उचलतात, चारच्या आसपास चढायला सुरुवात आणि उजाडायच्या आत वर, असं सगळीकडे वाचलं. आई रोज सकाळी गोल्फ क्लबवर चालते, दम वगैरे लागत नाही तिला, पण जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. आमचं दोघांचं म्हणाल तर पांडवलेणी नेहमीची आणि श्रावणात ब्रह्मगिरी, त्यापलीकडे काही नाही. तर आईला न्यावं का, गाईड इथूनच बुक करायचा की तिथे गेल्यावर, आणि जिवंत ज्वालामुखी आहे म्हटल्यावर नेमकी काय काळजी घ्यायची? टूरवाल्यांना विचारलं तर काही होत नाही मॅडम सगळेच जातात एवढंच म्हणाले, त्याने माझं काही समाधान झालं नाही.

सह्यभटका_नाशिक
मीनलताई, आम्ही ग्रुपने केलाय हा ट्रेक, सविस्तर लिहितो. बातुरची उंची १,७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम सत्तर मीटर जास्त. पण चढायला सुरुवातच साधारण हजार-अकराशे मीटरवरून होते त्यामुळे प्रत्यक्ष चढाई सहाशे-सातशे मीटरचीच, बारी गावातून कळसूबाई चढता तेव्हा यापेक्षा जास्त चढता. दीड ते दोन तास लागतात. पहिला अर्धा टप्पा शेतातून, झाडीतून आरामात जातो, खरी परीक्षा शेवटच्या टप्प्याला आहे कारण तिथे पायऱ्या नाहीत, धड कातळही नाही, नुसता काळा घसारा. पाय टाकला की खडी खाली सरकते, दोन पावलं वर गेलं की एक मागे. चढताना फक्त दम निघतो, उतरताना मात्र सगळा भार गुडघ्यावर आणि टाचेवर येतो. आईंचं नेमकं तेच दुखणं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो, त्यांना माथ्यापर्यंत नेऊ नका. त्यांच्यासाठी जीपचा पर्याय आहे तो बघा, जीप माथ्यावर जात नाही पण उंचावरच्या एका पॉइंटला नेते, तिथून समोर बातुर, खाली तळं आणि पलीकडे अगुंग हा दुसरा ज्वालामुखी असं सगळं दिसतं. नंतर ती काळ्या लाव्ह्याच्या पठारावरून फिरवून आणते. तुम्ही तिघं चढा, आई जीपने, नंतर खाली तळ्याकाठी भेटा. तिथे तोया बुंगका गावात गरम पाण्याची कुंडं आहेत, ट्रेकनंतर पाय सोडून बसायला त्यासारखं सुख नाही.

पंचवटीकर
गाईड कशाला घेताय, मॅपवर ट्रॅक टाकला की वाट सापडते. पैसे वाचवा आणि चांगलं हॉटेल घ्या.

सह्यभटका_नाशिक
पंचवटीकर, इथे सहमत नाही दादा. एक तर बातुरवर स्थानिक गाईडची संघटना आहे आणि पायथ्याला त्यांचीच माणसं असतात, गाईडशिवाय सोडत नाहीत, पहाटे साडेतीन-चारला मुलाला घेऊन तिथे वाद कोण घालणार. दुसरं म्हणजे काळोखात त्या घसाऱ्यावर दहा वाटा फुटलेल्या दिसतात आणि वर ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठाला जी अरुंद धार आहे तिथली माती ठिसूळ आहे, कुठून चालायचं आणि कुठे गरम वाफ येते हे रोज जाणाऱ्यालाच कळतं. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाला पाचनईतली पोरं वाटाड्या म्हणून घेतो ना, त्यांच्या घराला हातभार लागतो आणि आपण सुखरूप घरी येतो, तसंच आहे हे. गाईडच्या पैशात काटकसर करू नका, पाहिजे तर शॉपिंगमध्ये करा.

ताई, बुकिंगबद्दल, मे म्हणजे तिकडचा कोरडा सीझन, एप्रिल ते ऑक्टोबर हवा चांगली आणि गर्दीही असते, म्हणून आठवडाभर आधी तरी ठरवून ठेवा. बुक करताना एकच गोष्ट लेखी विचारून घ्या, आमच्या तिघांना वेगळा गाईड की पंधरा जणांत मिळून एक. पंधरात एक असेल तर सरळ नाही म्हणा. मुलगा मध्ये थांबला तर त्याच्यासोबत कोणीतरी थांबलं पाहिजे आणि बाकीचे पुढे गेले पाहिजेत, हे एका गाईडला जमत नाही.

फिजिओ_इंदिरानगर
आईंच्या गुडघ्याबद्दल वरच्या दादांशी सहमत. १,७१७ मीटरला विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, तो अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, त्यामुळे तिथली काळजी करू नका. ज्यांना चढायचंय त्यांनी दोन काठ्या न्या, एक नाही. उतरताना काठी आधी खाली टेकवायची, मग पाय, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा आणि टाच घसाऱ्यात रुतू द्यायची, पाय ताठ ठेवून ब्रेक मारत उतरायचं नाही, गुडघे त्यानेच जातात. आणि बूट घोट्याच्या वर येणारे असले तर खडे आत जात नाहीत. नवीन बूट घेणार असाल तर आत्ताच घ्या आणि दीड-दोन महिने रोज वापरा, विमानात बसायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या बुटांनी फोड येणारच.

भूगोल_शिकवते
मीनल, तुझ्या मुलासाठी लिहितेय, त्याला जायच्या आधी हे सांग म्हणजे त्याला नुसता डोंगर दिसणार नाही. आपण नाशिककर लाव्ह्यावरच राहतो. अंजनेरी, ब्रह्मगिरी, कळसूबाई सगळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा येत राहिला, थरावर थर साचले, म्हणून आपले डोंगर लांबून पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. त्याला एकदा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घेऊन जा, त्या जुन्या लाव्ह्यातल्या वायूच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक तिथे डोळ्यांसमोर बघायला मिळतात.

बातुरची गोष्ट वेगळी. तिथे आधी फार मोठा ज्वालामुखी होता, तो हजारो वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेकात रिकामा होऊन खाली बसला, नंतर पुन्हा एकदा तसंच झालं आणि मोठ्या कढईत लहान कढई ठेवावी तसे एकात एक दोन कॅल्डेरा तयार झाले. या खोलगटात एका बाजूला चंद्रकोरीसारखं तळं आणि मधोमध नंतर उगवलेला कोवळा डोंगर, तो म्हणजे तुम्ही चढणार तो बातुर. १९२६ च्या उद्रेकात लाव्ह्याने पायथ्याचं बातुर गाव आणि तिथलं देऊळ गिळलं. लोकांनी गाव वर काठावर नेलं आणि देऊळही तिथे नव्याने बांधलं, पुरा उलुन दानु बातुर, तळ्याच्या देवीचं, बालीतलं फार मानाचं देऊळ आहे ते. १९६३ च्या उद्रेकातला लाव्हा आजही काळाकुट्ट पसरलेला दिसतो, जीप त्यावरूनच जाते. शेवटचा उद्रेक २००० साली. हे सगळं अंधारात दिसणार नाही, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, सूर्य वर आला, फोटो झाले की सगळे धडाधडा उतरायला लागतात, तुम्ही उतरू नका. गाईडला आधीच सांगा की आम्हाला उजेडात तोंडाच्या काठाने फिरायचंय. सूर्योदय तर आपल्याला सप्तशृंगीवरूनही सुंदर दिसतो, ज्वालामुखीच्या तोंडात उभ्याने वाकून बघायला मात्र इतका लांबचा प्रवास करावा लागतो. कपारीतून वाफ येते तिथे हात लांबूनच धर आणि मुलालाही धरायला लाव, दगड गरम लागतो. ते एक त्याच्या आयुष्यभर लक्षात राहील, पुस्तकातल्या दहा धड्यांनी तेवढं होत नाही.

सिडकोची_मीनल
भूगोल ताई, मुलाने तुमचं उत्तर दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, गारगोटीला या रविवारी जायचं म्हणतोय. आईलाही जीपचं पटलं, उलट म्हणाली मला देऊळ बघायचंय मग तर जीपच बरी.

अजून थोडं विचारते. आम्ही शुद्ध शाकाहारी, वर नाश्ता देतात म्हणे त्यात काय असतं? थंडी किती असते? आणि बायकांची सोय असते का वाटेत?

सह्यभटका_नाशिक
नाश्त्याला अंडी असतात, गाईड लोक ती वाफेच्या भोकात ठेवून उकडतात, सोबत केळं आणि ब्रेड. शाकाहारी म्हणून बुकिंगला सांगा, केळ्याचं सँडविच देतात. तरी आपले राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खाकरे जवळ असू द्या. फक्त वर माकडं आहेत, सप्तशृंगीसारखीच धीट, पिशवी उघडी ठेवायची नाही आणि मुलाच्या हातात खाऊ द्यायचा नाही.

कॉलेजरोड_निशा
थंडीचं मी सांगते. चढताना घाम येतो आणि वर पोचून बसलं की त्याच ओल्या कपड्यांवर वारा लागतो, तेव्हा खरी हुडहुडी भरते. पहाटे माथ्यावर दहा-पंधरा डिग्री असते. आत साधा टीशर्ट, सॅकमध्ये एक कोरडा टीशर्ट आणि जाकीट, वर गेल्या गेल्या बदलायचा. टॉयलेट पार्किंगला आहे ते वापरूनच निघा, वर धड सोय नाही. टॉर्च गाईड देतात पण उजेड मंद असतो, हेडटॉर्च आपापला न्या म्हणजे काठ्यांना दोन्ही हात मोकळे राहतात. आणि वाटेत, पायऱ्यांवर, दगडांवर पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, तांदूळ, उदबत्ती ठेवलेली दिसेल, तो त्यांचा रोजचा नैवेद्य असतो, ओलांडून जाऊ नका, बाजूने जा. माझ्या गाईडने चढायच्या आधी पायथ्याच्या देवळात थांबून हात जोडले, आम्हीही जोडले, पुढचे दोन तास तो आमच्याशी घरच्यासारखा बोलत होता.

झोपेचं पण बघा. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथले रात्रीचे दोन म्हणजे नाशिकचे साडेअकरा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ट्रेक ठेवला तर संध्याकाळी सातला झोप येतच नाही आणि शरीर अख्खी रात्र जागरण काढतं. तीन-चार दिवस तिथल्या घड्याळाला रुळल्यावर ठेवा. शक्य असेल तर आदल्या रात्री तळ्याकाठीच किंवा किंतामणीला राहा, उबुदहून तास-दीड तास आणि कुता सेमिन्याककडून त्याहून जास्त गाडीत जातात तेवढी झोप वाचते. आईंनाही मध्यरात्री गाडीत ताटकळावं लागणार नाही.

अंबड_एमआयडीसी
ज्वालामुखीच्या धोक्याबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण ताईंनी तेच आधी विचारलं होतं. इंडोनेशियात सरकारी यंत्रणा प्रत्येक ज्वालामुखीला चार पातळ्या देते, पहिली नॉर्मल, चौथी सर्वात धोक्याची. मॅग्मा इंडोनेशिया नावाचं त्यांचं ॲप आणि वेबसाइट आहे तिथे रोज बघता येतं. बातुर पहिल्या पातळीवर असेल तरच जायचं, दुसरी दिसली की मुलाला घेऊन जायचं नाही, मग एजंट काहीही म्हणो. हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये. डिसेंबर २०२३ मध्ये सुमात्रातल्या मारापी ज्वालामुखीवर लोक वर असताना उद्रेक झाला आणि २४ गिर्यारोहक गेले, तो दुसऱ्या पातळीवर होता. पैसे परत नाही मिळाले तरी चालतील.

दुसरं, राखेमुळे विमानं बंद पडतात. २०१७ ला अगुंगमुळे बालीचा विमानतळच बंद होता, नोव्हेंबर २०२४ ला फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीमुळे बालीच्या कितीतरी फ्लाइट रद्द झाल्या. म्हणून परतीच्या दुसऱ्याच दिवशी शाळा किंवा ऑफिस ठेवू नका, एक दिवस मोकळा ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना ट्रेकिंग आणि नैसर्गिक आपत्ती दोन्ही कव्हर आहे का ते पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा, फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. व्हिसा ऑन अरायव्हल पाच लाख रुपिया आणि २०२४ पासून बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा, दोन्ही ऑनलाइन आधीच भरता येतात. आकडे बघून दचकू नका, पाच लाख म्हणजे आपले तीन हजाराच्या आतबाहेर.

नवखा_ट्रेकर
ताईंच्या धाग्यात घुसतो, माफ करा. बातुरऐवजी इजेन कसा आहे? निळ्या ज्वाळा दिसतात म्हणे. की सरळ रिंजानी?

सह्यभटका_नाशिक
इजेन बालीत नाही, पूर्व जावात आहे, फेरीने पलीकडे जावं लागतं. निळी ज्वाळा म्हणजे बाहेर येणारा गंधकाचा वायू पेटलेला असतो, दिसतं अद्भुत, पण वायूसाठी मास्क लावावा लागतो, दमा असेल तर नकोच. तिथे माणसं गंधकाचे जड तुकडे खांद्यावर वाहून आणतात, त्यांना वाट आधी द्या आणि तोंडासमोर कॅमेरा धरू नका. रिंजानी शेजारच्या लोम्बोक बेटावर, ३,७२६ मीटर, दोन-तीन दिवसांचा, तंबूत मुक्काम, घसारा बातुरच्या कितीतरी पट. आधी सह्याद्रीत एक अख्खा सीझन काढा मग रिंजानी. फॅमिलीबरोबर बातुरच.

सिडकोची_मीनल
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला सगळा धागा वाचायला दिलाय. तळ्याकाठी मुक्काम आणि तिघांना वेगळा गाईड हे पक्कं. आता सरावाचं सांगा, पांडवलेणी पुरेल का?

फिजिओ_इंदिरानगर
पांडवलेणी दमासाठी ठीक, पण तिथे पायऱ्या आहेत, सैल मातीवर उतरायची सवय होत नाही. अंजनेरीला वरच्या पठारापर्यंत जा आणि रामशेजच्या मातीच्या वाटेने सावकाश चढउतार करा, पाठीवर तिथे न्यायची तीच सॅक आणि तेच बूट. कळसूबाई एकदा करून ठेवा, पण शनिवार-रविवार शिड्यांना रांगा लागतात म्हणून मधल्या वारी. आणि मार्चनंतर उन्हं फार, नऊच्या आत खाली यायचं.

सह्यभटका_नाशिक
येत्या शनिवारी आम्ही चार-पाच जण अंजनेरीला चाललोय, त्र्यंबक रोडच्या अंजनेरी फाट्यावर सकाळी सहाला भेटतो. मुलाला घेऊन या, काठ्यांचा एक जादा जोड आहे माझ्याकडे, विकत घ्यायच्या आधी वापरून बघा. पाणी माणशी दोन लिटर आणा.

सिडकोची_मीनल
येतो. तिघं.